हाक एकदाच

सिल्व्हर पार्क, मीरा रोड (पूर्व)
दि. ५ जानेवारी २०२५

चि. धम्मपाल यास,

आईचा सप्रेम जय भीम. मी खुशाल आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी त्याच्या. तुम्ही तिघं घोडबंदर रोडच्या नव्या घरात रुळला असाल.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू "हां आई, बोल" म्हणतोस आणि मागे तुझी बोटं कॉम्प्युटरवर टकटक करत असतात. माझी सगळी नोकरी पोस्टात गेली. भाईंदर पश्चिमेच्या काउंटरवर बसून मी एवढं शिकले की पत्र हातात आलं की माणूस थोडा वेळ तरी दुसरं काही करत नाही. तुझा तो थोडा वेळ मला हवा आहे.

तुझा झोरो बरा आहे. 'तुझा' म्हणते, कारण अजून तरी तो तुझाच आहे. दिवाळीनंतर तुम्ही सामान हलवलंत, तेव्हापासून तो लिफ्टच्या दारासमोर बसून असतो. लिफ्ट आली की कान उभे. आतून दूधवाला निघतो, नाहीतर शेजारच्या ममताबेन भाजीची पिशवी घेऊन निघतात, आणि याचे कान पडतात. मी घरातून हाका मारते, झोरो ये, झोरो जेव, झोरो, झोरो, झोरो. तो ढुंकूनही बघत नाही. तीन वर्षं याच घरात राहिला, माझ्या हातची पोळी खाल्ली, पण त्याच्या लेखी मी म्हणजे स्वयंपाकघरातलं एक भांडं.

खाली नेलं की मग विचारूच नकोस. बॉर्डर कॉली म्हणजे मेंढ्या हाकणारी जात, हे तू त्याला आणलंस तेव्हा मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंस. आमच्या परभणीकडे धनगरांची कुत्री मी लहानपणापासून पाहिली. ती मेंढ्या राखतात, लांडगा आला तर अंगावर जातात. हाकायचं काम धनगराचं. तुझ्या या साहेबाला मात्र सगळं जगच हाकायचं असतं. सायकली दिसल्या की पोट जमिनीला टेकवून, नजर रोखून सरपटत जातो आणि सगळ्या पोरांना जनरेटरच्या कोपऱ्यात गोळा करतो. गेल्या महिन्यात सोसायटीची मीटिंग चुकवून बाहेर निघालेल्या काही जणांना त्याने गेटवरून परत हॉलपर्यंत आणलं. कोरम पहिल्यांदाच वेळेवर भरला, पण त्याचे उपकार कोणी मानले नाहीत. त्यातल्या एकाच्या टाचेला दात लागला होता. सेक्रेटरींनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, याला आवरा, नाहीतर कोणालातरी देऊन टाका."

म्हणून तुला फोन केला. तू म्हणालास, "बाळाला केसांची ॲलर्जी आहे, आई. डॉक्टर म्हणालेत. आणि तुलाही सोबत होते ना." सोबत. बरं.

मग मी अनुष्का लावली. अनुष्का म्हणजे कुत्र्यांना शिकवणारी मुलगी. कमरेला खाऊची पिशवी आणि बोलणं एकदम तोंडावर. झोरोला सोडून तिने पहिल्याच दिवशी मलाच धारेवर धरलं.

"काकू, किती वेळा नाव घेताय त्याचं? त्याच्यासाठी ते नाव म्हणजे पंख्याचा आवाज झालाय. नाव एकदाच घ्यायचं. मग एकदम स्टॅच्यू. तो बघेपर्यंत थांबायचं."

"आणि नाहीच बघितलं तर?"

"तर थांबायचं. परत हाक नाही. आणि नाव घेऊन ओरडायचं तर अजिबातच नाही, नाहीतर नाव ऐकलं की तो पळूनच जाईल."

पद्धत अशी. मुठीत उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा आणि हात बाजूला लांब करायचा. तो मुठीकडे बघतो, हुंगतो, चाटतो, पंजा मारतो. आपण गप्प. मूठ उघडायची नाही, रागवायचं नाही. दमून, वैतागून कधीतरी तो मान वर करतो आणि आपल्या तोंडाकडे बघतो. त्या क्षणी 'शाब्बास' म्हणायचं आणि मूठ उघडायची. आधी घरात, मग लॉबीत, मग कंपाउंडमध्ये, मग रस्त्यावर. "हे सगळ्यात बेसिक आहे काकू," ती म्हणते. "त्याला समजलं पाहिजे की जगात जे काही भारी आहे ते तुमच्याकडे बघितल्यावर मिळतं."

मी म्हटलं, मुली, हे मला तीस वर्षांपूर्वी कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

काल संध्याकाळी स्वयंपाकघरात त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे, सरळ. एक डोळा पिंगट आणि एक करडा आहे, हे मला तीन वर्षांत ठाऊक नव्हतं. मला उगाच रडू आलं. चिकनचा तुकडा द्यायचा विसरले आणि त्याने तो आपणहून काढून घेतला.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो ममताबेननी त्यांच्या मोबाईलवर दाखवले. तू म्हणाला होतास की घरच्या घरीच करतोय, कोणालाच बोलावलं नाही. सुरुचीचं माहेर मोठं दिसतंय, बरीच माणसं मावलीत. बाळाचं नाक तुझ्या बाबांवर गेलंय, ज्ञानदेवांचंच नाक. ते असते तर दिवसभर तेच सांगत हिंडले असते.

सुरुचीला आशीर्वाद. बाळाला पापा.

तुझी
आई


मीरा रोड
दि. १२ मार्च २०२५

चि. धम्मपाल यास,

सप्रेम जय भीम. सोबत जानेवारीतलं पत्र जोडलं आहे. ते माझ्याकडे परत आलं. पाकिटावर शेरा होता, 'या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.' पोस्टमनची चूक नाही, त्याने गेटवर विचारलं असणार. मी तुझ्या सोसायटीच्या वॉचमनला फोन लावला. तो म्हणाला, "धम्मपाल नाम का कोई नहीं है मॅडम. चौदहवे माले पे डी. पाल साहब हैं, उनको पूछूँ क्या?" मी म्हटलं, राहू दे, साहेबांना त्रास नको.

या पाकिटावर डी. पाल लिहिलं आहे. पोचेल.

आधी झोरोचं सांगते. घरात तो आता पहिल्या हाकेला बघतो. लॉबीत बघतो. लिफ्ट उघडली तरी आधी माझ्याकडे बघून मग लिफ्टकडे बघतो. कंपाउंडमध्ये मात्र गाडी अडली. पाच दिवस सगळं नीट चालायचं, आणि रविवारी बघावं तर पुन्हा पाटी कोरी. मी हाक मारली की हा मान उलटीकडे वळवून बायकांच्या तोंडाकडे बघत बसायचा. कुठलीही बाई दिसली की समोर जाऊन बसणार, छाती काढून, शाळेतल्या हुशार पोरासारखा. अनुष्का वैतागली. "काकू, कोणीतरी याला खायला घालतंय. सोर्स शोधा."

सोर्स शोधायला मी एका शनिवारी पार्किंगमध्ये खांबाआड उभी राहिले. आणि बघते तर काय, देवळाबाहेर असते तशी रांग! ममताबेन, बी विंगमधल्या दोघी, शिवाय कोणीतरी बाहेरच्याही. प्रत्येकीच्या हातात रोटी, रोटीला मोहरीचं तेल चोपडलेलं. आपला वॉचमन शिवा पट्टा धरून उभा आणि झोरो एकेकीच्या डोळ्यांत बघून रोटी घेतोय. अनुष्काने शिकवलेलं सगळं त्याला येत होतं. फक्त तो ते माझ्यासाठी करत नव्हता.

ममताबेनना काही लाज वाटली नाही, वाटायचं कारणही नाही. "अरे वैजूबेन, शनिवार को काले कुत्ते को रोटी खिलाने से शनि शांत होता है. पूरे सिल्व्हर पार्क में काला कुत्ता ढूँढना कितना मुश्किल है, मालूम है? आपका तो दो रंग का है, काला-सफेद. ये तो केतु का होता है. एक खर्चे में दो ग्रह!"

मी म्हटलं, "आमच्यात हे असलं काही नसतं."

त्या सहज म्हणाल्या, "ऐसे कैसे? सुरुची ने ही तो बताया था. उसकी मम्मी के पंडितजी ने बोला था, दो रंग का कुत्ता घर में पालो, गोद भर जाएगी. आपके बेटे ने बहुत ढूँढा था, असली दो रंग का."

मी हसून "हो का" म्हटलं, झोरोला घेऊन वर आले आणि कुकर लावला. शिट्टी झाली, गॅस बंद करायचा राहिला, आमटी करपली. तू त्याला आणलंस त्या दिवशी तू काय म्हणाला होतास ते आठवत बसले होते. "आई, मला लहानपणापासून कुत्रा पाळायचा होता." मी बाजारात जाऊन त्याच्यासाठी भांडं आणलं होतं, अॅल्युमिनियमचं नको म्हणून चांगलं स्टीलचं.

सुरुचीला मी हसत नाही, हे नीट ऐक. तिची दोन मुलं पोटातच गेली. दुसऱ्या वेळी दवाखान्यात तिच्याजवळ मी बसले होते. तिने माझा हात असा धरला होता की माझ्या बांगडीचा वळ उठला. त्या अवस्थेत बाईला कोणी म्हटलं भिंतीला प्रदक्षिणा घाल, तर ती घालेल. मी तिला तेव्हा काही बोलले नसते, आताही बोलणार नाही. पण तू? तुला ताप आला होता तेव्हा चाळीतल्या एकीने तुझ्या मनगटाला काळा दोरा बांधला होता. तुझ्या बाबांनी तो कात्रीने कापला आणि तुझा ताप उतरेपर्यंत कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसून राहिले. कामावर गेले नाहीत. तू हे पेणकरपाड्याच्या विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाषणात सांगितलं होतंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मूल झालं, कुत्र्याचं काम संपलं. गरज सरो, वैद्य मरो. मग कुत्रा आईकडे, आणि आईला सांगायचं की सोबत होते.

आता तुझा मेसेज. "रविवारी गाडी घेऊन येतो, झोरोला नेतो. बाळाला त्याची आठवण येते." ॲलर्जी कुठे गेली रे? ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय कधीपासूनची? तुझा मेसेज आला त्याच दिवशी दुपारी सुरुचीचा फोन आला होता. घर सोडल्यापासून पहिल्यांदा. ती सरळ बोलली. "आई, मला पुन्हा दिवस गेलेत. पंडितजी म्हणाले, ज्या कुत्र्याचा गुण आला त्यालाच हाताने खाऊ घालायचं. तुम्हाला पटत नाही, मला माहितीये. पण मला खूप भीती वाटतेय." आणि रडली. तिने मला आई म्हटलं आणि खरं सांगितलं. तू फक्त आई म्हणतोस.

मी तिला सांगितलं तेच तुला सांगते. झोरो कुठेही जाणार नाही. त्याला खाऊ घालायचं असेल तर शनिवारी इथे या, माझ्या दारात. बाळाला घेऊन या. बाळाशिवाय आलात तर दार उघडणार नाही.

काळा दोरा कापणाऱ्या ज्ञानदेवांची बायको वैजयंता आता शनिवारच्या रोट्यांची वेळ ठरवते आहे. हसायचं तर यावर हस.

तुझी
आई


मीरा रोड
दि. १९ मे २०२५

सप्रेम जय भीम.

वर नाव लिहिलेलं नाही. विसरले नाही. खाली लिहीन.

परवाच्या शनिवारबद्दल तुझा फोन आला नाही, येणार नव्हताच. मीही केला नाही. पण जे झालं ते तू गाडीतून अर्धंच पाहिलंस, म्हणून लिहिते.

मार्चपासून तुम्ही दर शनिवारी येत होतात. 'तुम्ही' म्हणजे सुरुची आणि बाळ. तू खाली गाडीत एसी लावून मोबाईल बघत बसायचास. पहिल्या वेळी सुरुची लॉबीतच उभी राहिली, डबा उघडला, रोटी दिली, निघून गेली. पुढच्या वेळी आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. मग पाणी प्यायली. मग एकदा माझी शेंगदाण्याची चटणी बोटाने चाटून म्हणाली, "आई, थोडी बांधून द्याल?" मी दिली. तिला उलट्या होत होत्या, आंबट-तिखट हवं होतं. ती खाली जाऊन तुला म्हणाली नसेल.

बाळ तर माझंच झालं होतं. झोरोचा कान धरून उभं राहायला शिकलं. झोरो त्याच्याभोवती गोल गोल फिरायचा, त्याला गॅलरीच्या दाराकडे जाऊच द्यायचा नाही, अंगाने ढकलून माझ्या पायाशी आणून सोडायचा. परभणीच्या धनगराला जे जमलं नाही ते या परदेशी कुत्र्याने केलं, एकुलतं एक मेंढरू रोज आजीकडे हाकत आणलं. रोज नव्हे, शनिवारी. शनिवारची वाट बघताना मला शुक्रवारीच भूक लागायची नाही.

चौदा एप्रिलला विहारात दिवे लावले, मी एकटीने जयंतीला बुंदी वाटली. लोकांनी विचारलं, धम्मपाल कुठे? मी म्हटलं, कामात आहे. मग पुढच्या शनिवारी तू आलास तेव्हाही गाडीतून उतरला नाहीस. शिवाने गेटवर तुला सलाम केला आणि विचारलं, "साहब ऊपर नहीं जाते क्या?" तू काच वर केलीस. हे मला शिवाने सांगितलं. त्याला वाईट वाटलं होतं, तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

आणि परवा तू वर आलास. बुद्ध पौर्णिमेची खीर मी सोमवारी केली होती. तू येतोयस असं सुरुचीने फोनवर सांगितलं म्हणून शनिवारी पुन्हा केली. तू दारातच उभा राहिलास, पायात बूट. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली तुझ्या बाबांचा. तू दोन्हींकडे बघितलं नाहीस. माझ्याकडेही नाही. फ्रिजकडे बघून म्हणालास, "आई, एक सांगायचं होतं. शनिवारी त्याला सकाळपासून तू काही घालू नकोस. पंडितजी म्हणाले, त्या दिवशी पहिला घास सुरुचीच्या माहेरच्याच रोटीचा पाहिजे. तुझ्या हातचं... म्हणजे या घरचं, आधी नको. तू वाईट वाटून घेऊ नकोस, ते असंच सांगतात सगळ्यांना."

सुरुची म्हणाली, "अरे, हे कशाला बोललास?" तिची मान खाली गेली. तुझी नाही गेली.

या घरचं नको. तू या घरचं खाऊनच एवढा उंच झालास की तुला फ्रिजवरची धूळ दिसते. नाव घेऊन ओरडायचं नाही, एवढं मी आता शिकले आहे.

मीच म्हटलं, चला, आज खाली देऊ, त्याला फिरायलाही न्यायचंय. तू पुढे जाऊन गाडीत बसलास. नंतर काय झालं ते ऐक.

कंपाउंडमध्ये शनिवारची सकाळ म्हणजे काय असतं, तुला ठाऊक आहे. सायकली, बॉल, बी विंगच्या बायका आपापल्या रोट्या घेऊन. सुरुचीने डबा उघडला आणि तेल लावलेली रोटी झोरोच्या नाकासमोर धरली. तेवढ्यात तू गाडीतून शिट्टी वाजवलीस. तीच जुनी, दोन बोटांची. का वाजवलीस? उशीर होत होता म्हणून? का बघायचं होतं, अजून तुझा आहे का?

झोरोचे कान उभे राहिले. मला वाटलं, गेला. दिवाळीपासून लिफ्टसमोर बसून ज्याची वाट बघितली तो समोर होता आणि बोलावत होता. पट्टा माझ्या हातात सैल होता. मी घट्ट धरला नाही. हाक मारली नाही. नुसती उभी राहिले. माझ्या हातात चिकन नव्हतं, काही नव्हतं.

त्याने तुझ्याकडे बघितलं. मग रोटीकडे. मग मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तसाच बसून राहिला. सायकल त्याच्या शेपटीला घासून गेली तरी हलला नाही. तू पुन्हा शिट्टी वाजवलीस. तो माझ्याकडेच बघत होता, एक डोळा पिंगट, एक करडा.

सुरुचीने रोटी आणखी पुढे केली. तिला वाटलं, तो खात नाही, म्हणजे अपशकुन झाला. तिचा दुसरा हात पोटावर गेला. मी 'घे' म्हटल्याशिवाय कोणाच्याही हातचं घ्यायचं नाही, हे अनुष्काने त्याला मार्चनंतर शिकवलंय आणि वर घरात मी दर शनिवारी ते हळूच म्हणायचे, हे तिला कुठे माहीत? आणि मला, खरं सांगते, एक क्षणभर बरं वाटलं. ज्या हातचं नको होतं, त्याच हाताच्या मालकिणीने 'घे' म्हटल्याशिवाय पंडितजींची रोटी कुत्र्याच्याही तोंडात जात नव्हती. तुझं सगळं सासर त्या क्षणी माझ्या एका शब्दावर अडलं होतं. मी तो शब्द न बोलता घरी जाऊ शकले असते.

मग सुरुचीच्या तोंडाकडे बघितलं. दवाखान्यात होतं तसंच तोंड. मी म्हटलं, "घे रे बाळा." त्याने रोटी घेतली. ती रडत हसली आणि पटकन वाकून माझ्या पाया पडली, सगळ्या बायकांसमोर. तू काच खाली करून म्हणालास, "चल ना, ट्रॅफिक लागेल."

घरी आल्यावर खीर तशीच होती. मी आणि झोरोने खाल्ली. त्याला गोड द्यायचं नसतं, तरी दिलं.

अनुष्काला मी विचारलं होतं की शिकवणं पूर्ण कधी होतं. ती म्हणाली, "काकू, मुठीत खाऊ आहे तोपर्यंत तो खाऊकडेच येतोय असं धरायचं. शेवटी हात रिकामा करायचा. रिकाम्या हाताकडे आला तर तो तुमचा." झोरो परवा रिकाम्या हाताकडे आला. मग रात्री माझ्या डोक्यात आलं, वैजयंताबाई, तुमच्या दुसऱ्या मुठीत काय आहे? मार्चपासून मी तुझ्यासाठी मूठ धरून बसले होते. तुमच्याच अंधश्रद्धेचा तुकडा तुमच्याच नाकासमोर धरला, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी माझं नातवंड माझ्या मांडीवर येईल. ज्ञानदेवांनी कात्रीने कापला तो दोरा मी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधला, तोही दर शनिवारी. आणि एवढं करून तू गाडीतच बसून राहिलास. तू मुठीकडेही आला नाहीस, बायकोला पाठवलंस.

तेव्हा मूठ उघडली. या शनिवारपासून झोरोला रोटी नाही, तेल नाही, केतु नाही. तुझ्या सासरची नाही आणि ममताबेनचीही नाही, त्यांना मी सांगितलं, त्या थोडं रुसल्या आणि मग म्हणाल्या, "ठीक है, गाय को खिलाऊँगी." सुरुचीला मी आज फोन केला. तिला म्हटलं, पोरी, महिन्याच्या महिन्याला डॉक्टरकडे जा, लोखंडाच्या कढईतली भाजी खा, आणि भीती वाटली की मला कधीही बोलाव, मी दवाखान्यात बसायला येईन. बाळाला घेऊन सोमवारी ये, बुधवारी ये, शनिवार सोडून कधीही ये. डबा आणू नकोस. ती म्हणाली, "माझ्या आईला काय सांगू?" मी म्हटलं, ते तुझं तू ठरव. ती येईल का नाही, मला माहीत नाही. तिने फोन ठेवला तेव्हा बाळ मागे ओरडत होतं, झोरोला बोलावतं तसं, "ओओ, ओओ." तो आवाज मला पुन्हा ऐकायला मिळणार नाही असं समजूनच मी हे लिहिते आहे. मला फार वाईट वाटतंय. वाटू दे.

तुझ्यासाठी इथे आता काही नाही. तुझ्या कामाचा कुत्रा नाही, गुण नाही, रोटी नाही. एक म्हातारी आहे, दोन फोटो आहेत, आणि एक कुत्रा, जो माझ्याकडे बघतो. बोलावणंही नाही. यायचं असेल तर यायचंय म्हणून ये, बूट काढून ये.

आता पाकिटाचं. या वेळी पाकिटावर डी. पाल लिहिलेलं नाही. तुझ्या बाबांनी जे नाव ठेवलं, शाळेच्या दाखल्यावर, पासपोर्टवर, माझ्या पेन्शनच्या कागदावर वारस म्हणून जे आहे, ते पूर्ण लिहिलंय. पोस्टमन गेटवर विचारेल. वॉचमन वर फोन लावेल, "साहब, इस नाम का कोई है क्या?" तुझ्या शेजारी त्या वेळी कोण बसलं असेल ते मला ठाऊक नाही. 'हो, मीच तो' म्हणालास तर हे पत्र तुला मिळेल. नाही म्हणालास तर शेरा मारून माझ्याकडे परत येईल, आणि मग हे वाचणारी मीच, झोरो पायाशी असेल. परत पाठवणार नाही. मी पोस्टातली बाई, पत्र परत येणं म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको.

हाक एकदाच मारायची असते. मग थांबायचं. मी थांबले आहे.

धम्मपाल.

आई